शीआनमधील पाऊण तास

शीआन, रात्रीचे दहा.

१९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली ती मृण्मय सेना आज सकाळी पाहिली. तिचे वैभव निःसंशय विलक्षण. परंतु ज्या यात्रिकाने सातव्या शतकात, बादशाही परवाना हाती नसताना, वाळवंटे व हिमपर्वत ओलांडून भारतभूमी गाठली, इ. स. ६४५ मध्ये जो ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशी परतला, आणि त्या ग्रंथांच्या जतनार्थ ज्याने इ. स. ६५२ मध्ये मोठ्या रानहंसाचा मनोरा उभारविला, त्या ह्युएन त्संगाच्या दर्शनासाठी सहलीच्या कार्यक्रमात अवघा पाऊण तास मुक्रर केलेला असावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

दुसऱ्या पुलकेशीच्या अमदानीत हा भिक्षू महाराष्ट्रात आला होता. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत, असे त्याने नमूद करून ठेविले. आपल्या पूर्वजांचे इतके जुने आणि इतके जिवंत वर्णन एका चिनी माणसाने लिहावे!

मनोऱ्याच्या दक्षिणेकडील चौकात त्याचा पुतळा आहे. आमच्या तुकडीतील साताऱ्याच्या एक वयोवृद्ध आजी, मार्गदर्शकाचा झेंडा पुढे निघून गेला तरी, चौथऱ्याला हात लावून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या; त्यांच्या शेजारी मीही थांबलो. वर चढायचे मात्र राहून गेले.

शीआनला जाणाऱ्यांनी या मनोऱ्यासाठी अर्धा दिवस आधीच मागून घ्यावा.