उंबऱ्याबाहेरचा शेरू

आमच्या मोहल्ल्यात कुत्रा असलेले घर एकच, ते आमचे. तोही खरे तर घरात नाही. रहिमतपुरातल्या रणदुल्लाखानाच्या मकबऱ्यापासून पायी अर्ध्या तासावर आमचे आल्याचे रान आहे, तिथल्या खोपीपाशी तो असतो. शेताच्या राखणीचा, शिकारीचा, गुरामेंढरांचा कुत्रा पाळायला शरीयतची हरकत नाही, हे अम्मीला ठाऊक आहे. तिची हरकत फक्त उंबऱ्याची. "कुत्ता हाय वां फरिश्ते नई आते," असे ती म्हणते आणि रोज त्याच्या वाटची भाकरी दुधात कुस्करून रानात पाठवते.

माझी बायको चिपळूणची. कोकणातले मुसलमान शाफई, आम्ही देशावरचे हनफी. शेरूने भांड्याला तोंड लावले तर अम्मीच्या हिशेबाने ते तीनदा धुतले की पाक. बायकोच्या हिशेबाने सातदा, त्यातले एकदा मातीने. इमाम मालिक यांच्या मजहबात तर कुत्र्याचे अंग मुळात नापाक धरतच नाहीत. आमच्या घरी सातचा हिशेब चालतो. भांडी कोणाच्या ताब्यात आहेत हे वाचकांना सांगायला नको.

शेरू कारवानी जातीचा आहे. लांब तोंड, खपाटीला गेलेले पोट, काठीसारखे पाय. हे कुत्रे व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर दख्खनमध्ये आले आणि म्हणून त्यांना हे नाव पडले, असे सांगतात. त्यांचा भाऊबंद शोभेल असा अरबस्तानातला सलुकी. वाळवंटातले बदू लोक इतर कुत्र्यांना चार हात दूर ठेवतात. सलुकीला मात्र तंबूत घेतात. हे मी एकदा अम्मीला सांगितले. "वो उनका तंबू, ये मेरा घर," एवढेच उत्तर आले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर रानातला गडी गावी गेला होता. मुलाला तंबू टाकून राहायची हौस. शेरूला एकटे सोडवेना. मग तिघे निघालो. सातारा, यवतेश्वरचा घाट, कास, तिथून खाली बामणोली. कासच्या पठारावर थांबलो नाही. फुले केव्हाच संपली होती, आणि तिथला कातळ म्हणजे जांभ्यावर बोटभर मातीचा थर. मोकळा कुत्रा सोडण्याची ती जागा नव्हे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातली 39 ठिकाणे जागतिक वारशात घेतली. त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. दुसऱ्या कुठल्या देशात असती तर आपण कॅलेंडरवर पाहिली असती.

बामणोलीला एका शेतकऱ्याने शिवसागराच्या काठी आपल्या खाचराच्या कडेला तंबू टाकू दिला. समोर पाणी, पाण्यापलीकडे कोयना अभयारण्य आणि वासोटा. हे अभयारण्य 1985 सालचे. 2010 मध्ये ते आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला जायचे तर वनखात्याची परवानगी आणि लाँच. मुक्कामाला बंदी, कुत्र्यालाही बंदी. मुलगा दुसऱ्या एका गटाबरोबर गेला. मी शेरूची दोरी धरून काठावर राहिलो.

मुलगा जाताना कुरकुरला होता. त्याचे म्हणणे, जंगलात एवढी जनावरे, त्यांत एक कुत्रा गेला तर काय बिघडते? बिघडते ते असे. त्या जंगलात कोळसुंदे आहेत, म्हणजे रानकुत्री. शेरूचे लांबचे चुलतेच. बिबटे आहेत. आपल्या कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर या सगळ्यांना होऊ शकतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत 1994 साली याच रोगाने तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले, आणि बोट गावकुत्र्यांकडे दाखवले गेले. 2018 मध्ये गीरला वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. शेरूला लस टोचलेली आहे. पण वाटेवरचा वनरक्षक कोणाकोणाचे कागद बघणार? त्या बंदीचा मला राग आला नाही. तोही एक उंबराच आहे, आणि उंबऱ्याची सवय आम्हाला घरातूनच.

खरा पेच अंधार पडल्यावर आला. शेतकरी कंदील घेऊन आला आणि म्हणाला, "पाव्हणं, कुत्रं रातचं भायेर बांधू नगा. वाघरू फिरतंय." आपल्याकडे वाघरू म्हणजे बिबट्या. त्याला कुत्र्याइतके सोपे खाणे नाही. अकोले तालुक्यात विद्या अथ्रेय यांनी अभ्यास केला, त्यात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगीच नाही. शेरूच्या गळ्यात साधी दोरी होती.

तंबू दोन माणसांचा. आत आमचे अंथरूण आणि माझी जानमाज. मुलगा म्हणाला, "अब्बा, एक रात्र फरिश्ते नाही आले तर चालेल, पण बिबट्या यायला नको."

दुसऱ्या वेळी मी त्याला दटावले असते. मला सूरह कहफ आठवत होती. अम्मी दर जुम्म्याला ती पढते. गुहेत झोपलेले ते तरुण, आणि उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. ते किती होते यावर लोकांचे हिशेब वेगवेगळे. पण प्रत्येक हिशेबात शेवटी कुत्रा मोजलेला आहेच. लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो बाहेर होता, हे मात्र मला त्या रात्री पहिल्यांदा टोचले. त्याची राखण करणारा अल्लाह होता. इथे ती माझ्यावर सोपवलेली होती. तहानलेल्या कुत्र्याला जोड्यातून पाणी पाजणाऱ्या बदनाम बाईची मगफिरत झाली, हेही हदीसमध्येच आहे.

मी जानमाज उचलून बाहेर आणली आणि शेरूला आत घेतले.

आपल्याकडून किब्ला पश्चिमेला. म्हणजे बामणोलीहून तो बरोबर पाण्यापलीकडच्या अभयारण्याकडे. इशा तिथेच दवात पढलो. जमीन पाक असली की सगळीच मशीद, एवढी सवलत आपल्याला आहे. दुसऱ्या रकातीत पलीकडून भुंकल्यासारखा आवाज आला. तो भेकराचा, बिबट्याची चाहूल लागली की ते असेच ओरडते. तंबूतून शेरूची गुरगुर ऐकू आली. सलाम फिरवल्यावर मी बराच वेळ बॅटरी मारून पाहिली. पाणी आणि धुके, बाकी काही नाही. मग आत जाऊन तंबूची चेन ओढली.

रात्री कधीतरी शेरूने माझ्या पायांवर मान टाकली. मी पाय हलवले नाहीत. पहाटे कपडे बदलले, वुजू केला, फजर बाहेरच पढलो.

मुलगा उठला तेव्हा शेरू चहाच्या मगात तोंड घालून बसला होता. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "दादीचे तीन की अम्मीचे सात, तू ठरव." तो मग घेऊन पाण्याच्या कडेला बसला, तळाचा चिखल मूठभर घेऊन आत चोळला आणि मोठ्याने मोजायला लागला. शेरू शेजारी बसून ऐकत होता. सातापर्यंत पोचेतो चहा उकळून उतू गेला.