एल्मचं धनुष्य

कोपनहेगन

तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, युरोपातल्या लोकांकडे बांबू नाही, मग धनुष्य कशाचं करायचे? इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचं उत्तर आहे. होल्मेगार्डच्या दलदलीत 1944 साली सापडलेली धनुष्यं सुमारे 9000 वर्षांपूर्वीची आहेत आणि ती एल्म या झाडाच्या लाकडाची आहेत. कौतुक मात्र सगळं यू या झाडाचं. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोज जहाजातून यूची दीडशेहून अधिक धनुष्यं वर निघाली, तेव्हापासून तर जास्तच. एल्म म्हणजे नाइलाजाचं लाकूड, असं धनुष्य करणारे इथले हौशी लोक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

यूचा गाभा दाब सोसतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड ताण, म्हणून त्याचं धनुष्य अरुंद नि जाड चालतं. एल्म ताणाला चिवट, दाबाला हळवं. यूच्या मापाने घडवलं तर ते पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूने, दबतं आणि दोरी उतरवली तरी वाकलेलंच राहतं. चूक मापाची, बदनामी लाकडाची! होल्मेगार्डच्या कारागिराने भुजा रुंद नि चपट्या ठेवल्या, त्यामुळे दाब पसरून जातो. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने ग्वेंटच्या तिरंदाजांबद्दल लिहिलंय: रानएल्मची ओबडधोबड धनुष्यं, पण बाण ॲबरगवेनीच्या किल्ल्याच्या चारेक बोटं जाड ओकच्या दारातून आरपार.

आता हे लाकूडच मिळेनासं झालंय. भुंग्यांनी पसरवलेल्या बुरशीने गेल्या शतकभरात युरोपातले एल्म ओळीने मेले. धनुष्य करायला आम्हाला मिळालं ते अशाच एका झाडाचं खोड. भुंगे सालीखालीच वाढतात, म्हणून साल जागेवरच सोलली. मग पाचर ठोकली. काका, तुम्ही तिथे हवे होतात. फट पडते, पण दोन्ही बाजूंचे तंतू पिळाच्या दोरासारखे एकमेकांना धरून राहतात. ते कुऱ्हाडीने एकेक तोडावे लागतात. फोडताना इतकं छळणारा हाच चिवटपणा धनुष्यात कामी येतो.

सालीखालचा भाग ही धनुष्याची पाठ. तिथलं वर्षाचं वलय अखंड राहिलं पाहिजे, म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही. तासायचं ते पोटाकडून. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, पण जाडी निम्मी केली तर आठवा हिस्साच उरतो. म्हणून शेवटी रंधा बाजूला ठेवून पोलादी पट्टीच्या धारेने खरवडायचं. दोरी थोडी ओढून लांबून पाहायचं, भुजा जिथे ताठ दिसेल तिथेच दोन हात मारायचे, अनेकदा वाकवून पुन्हा पाहायचं. घाईला इथे जागाच नाही.

आपल्याकडच्या धामण या झाडाचं लाकूडही असंच लवचीक. हत्यारांचे दांडे तिचे होतात, धनुष्यंही होतात. तिचा एखादा सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळतो का पाहाल? आणि धामण दाबाला कशी आहे, भुजा रुंद ठेवाव्यात की अरुंद, तेही कळवा. तुमचा हात त्या लाकडावरून आयुष्यभर फिरलाय.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
पुतण्या