वीतभर अंतरावरून

पोळा उलटल्यावर नागपूरहून सावनेरमार्गे मध्य प्रदेशातल्या जामसांवलीकडे निघालं, की महाराष्ट्राची हद्द संपली हे पाटी वाचूनच कळतं. पिकं तीच, बोलीही तीच. कपाशी, संत्र्याच्या बागा आणि धुऱ्याधुऱ्यावर पिवळा तरोटा. या वाटेने लोक येतात ते पिंपळाखाली निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला. रानफुलं पाहायची तर मात्र कासच्या पठारावर जावं, असा आपल्याकडे जणू नियमच झाला आहे. २०१२मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आलं, ते योग्यच झालं. पण कासची ख्याती रंगांच्या विस्तारावर उभी आहे आणि विस्तार दुरूनच पाहायचा असतो. माझं म्हणणं असं, की फुलाचं खरं सौंदर्य त्याच्या घडणीत आहे, आणि ती घडण पाहायला दुर्मिळ पठार लागत नाही. कॅमेरा वीतभर अंतरावर नेला, तर जामसांवलीच्या रस्त्याची कडही पुरते.

पुरावा म्हणून रुईच घ्या. मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहतात, त्यामुळे पान सगळ्यांच्या ओळखीचं. फुलाकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. जवळून पाहिलं तर पाच जाडसर, मेणचट, जांभळट पाकळ्यांच्या मधोमध पाच कोनांचा मुकुट उभा दिसतो. त्याच्या कोनांमधल्या अरुंद चिरांत खरी कारागिरी आहे. रुईचे पराग सुटे उडत नाहीत. ते दोन इवल्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि त्या पिशव्या एका सूक्ष्म चिमट्याला जोडलेल्या असतात. मधासाठी आलेल्या काळ्या भुंग्याचा पाय चिरेत गेला, की चिमटा पायाला बसतो आणि ती जोडी पुढच्या फुलापर्यंत जाते. तो मुकुट या सगळ्या व्यवहारासाठी आहे, हे कळलं की तो अधिकच सुंदर दिसतो. एकदांडीचंही तसंच: पायाखाली जाणारं ते एक फूल म्हणजे चिमुकल्या फुलांची वस्ती. कडेला पांढुरक्या दातेरी पाकळीची मोजकी फुलं, आत पिवळ्या नळ्यांची दाटी, आणि प्रत्येक नळीला स्वतःचे पाच दाते.

एवढं मोठं करून दाखवलं तर काहीही सुंदर दिसेल, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. भिंग खुशामत करत नाही. कुरतडलेली पाकळी, ट्रकची धूळ, रुईच्या देठावरचा पिवळा मावा हेही ते तितक्याच स्पष्टपणे दाखवतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फुलाची प्रतिमा प्रत्यक्ष आकाराइतकी टिपताना जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते, बाकी सारं धूसर होतं. नदी, रस्ता, शेत पुसलं जाऊन फूल पोरकं होतं. कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन शिक्षकाने १९२८च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात वनस्पतींचे अवयव साध्या पार्श्वभूमीवर ठेवून मोठे करून दाखवले. त्याला विद्यार्थ्यांना आकार शिकवायचे होते, म्हणून ते शोभलं. प्रवाशाने मात्र फूल तोडू नये, आणि जवळच्या चित्रासोबत चार पावलं मागून घेतलेलं एक चित्र ठेवावं, म्हणजे इथल्या जाम नदीचा काठही त्यात येईल.

सर्वांत कठीण उत्तर शेतकऱ्याला द्यायचं आहे, कारण त्याच्यासाठी ही फुलं म्हणजे तण. पांढुर्ण्याकडे जाताना शेतांत निळा केना दिसतो. सकाळी उमलतो, दुपारपर्यंत कोमेजतो. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळे केसर, असं त्याचं रूप. निंदणाऱ्या बाया तो उपटतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तो पिकाचं अन्नपाणी खातो. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलेलं गाजरगवत तर माणसाच्या त्वचेला आणि श्वासालाही त्रास देतं. त्याची पांढरी फुलं भिंगाखाली कितीही रेखीव दिसली, तरी ते काढलंच पाहिजे. सौंदर्य मान्य करणं म्हणजे अभय देणं नव्हे. उलट, फूल नीट ओळखलं तर ते काढणंही नीट जमतं. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात, न उमलणारी, आतल्या आतच बी धरणारी. वरचा वेल ओढून काढला तरी ते बी मातीत राहतं, म्हणून तो पुन्हा उगवतो. माझ्या कॅमेऱ्याला ती फुलं दिसत नाहीत. खुरप्याने मुळापर्यंत जाणाऱ्या हाताला ती सापडू शकतात. म्हणून या भागातल्या रानफुलांची चित्रं काढणाऱ्याने धुऱ्यावर थांबून त्या बायांना फुलाचं नाव विचारावं, ते कधी उगवतं, कशाने मरतं हेही विचारावं, आणि चित्राखाली ते लिहावं.