लहान छेद आणि आधीची तजवीज

गुडघ्याचा सांधा बदलताना पूर्वी जो छेद आठ ते दहा इंच लांबीचा घ्यावा लागे, तो आता चार ते सहा इंचांत भागतो, आणि मांडीचा पुढचा स्नायू शक्य तितका न कापता बाजूला सारून काम करता येते, हे खरे असले तरी आत बसवावयाचा धातूचा सांधा तोच असतो. फरक पडतो तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांच्या वेदनेत आणि हालचालीत, आणि हे आठवडे सुखाचे जाणे शस्त्रवैद्याच्या कसबाइतकेच आधीच्या महिन्यात केलेल्या तजविजीवर अवलंबून असते. स्थूल शरीराला किंवा फार वाकड्या झालेल्या गुडघ्याला लहान छेदाचा हट्ट धरू नये.

या तजविजीचा आरंभ गुडघ्यापासून होत नाही. किडलेला दात, लघवीतील जंतुदोष, बोटांमधल्या चिखल्या, आटोक्यात नसलेला मधुमेह यांपैकी कशाचीही हयगय झाली तर नव्या सांध्यात जंतूंचा शिरकाव होण्याचे भय वाढते, आणि तेथून त्यांना हुसकावण्यासाठी कधी कधी तो सांधाच काढावा लागतो. म्हणून यांचा निकाल लागेपर्यंत मी तारीख मुक्रर करीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, रुग्णाला वॉकर धरून चालवतात. येथे घरच्यांची माया आडवी येते: दुखऱ्या गुडघ्याखाली कोणीतरी मऊ उशी सारतो. उशीने तत्काळ आराम वाटतो, परंतु गुडघा तसाच वाकलेला राहून मागच्या बाजूने आखडला की पाय पूर्ण सरळ होत नाही, आणि ज्याचा पाय सरळ होत नाही त्याच्या चालीत लंगडेपण राहते. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी. ही गोष्ट मी रुग्णाइतकीच त्याच्या मुलाला, सुनेला आधी सांगून ठेवतो, कारण कण्हणाऱ्या आईची उशी काढून घेण्याचे बळ मनाची तयारी झाल्यावाचून कोणालाही येत नाही. कमोड, मोरीतली निसरडी फरशी, जिन्याचा कठडा यांचा बंदोबस्तही तेव्हाच व्हावा. आणि मांडी घालून पाटावर बसणे बहुधा सोडावे लागेल, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे.

ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया योजली असेल त्यांना माझी विनंती आहे की, रात्री उठून रुग्णाला आधार देणारे जे माणूस असेल, त्याला पहिल्याच भेटीला बरोबर आणावे.