जाड टायर, लहान चाक : नांदेड ते लातूर

१७ सप्टेंबर, नांदेड

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी चौकाचौकांत झेंडावंदन, दुकानं उशिरा उघडली. सायकलच्या चाकांचं काम मात्र आज उरकलं.

दुकानातली सगळी पोरं एकोणतीस इंची चाकांसाठी मागे लागली होती. मोठं चाक खड्ड्यावरून अलगद निघून जातं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण मला हायवे सोडून पाणंदींनी जायचंय, म्हणून सव्वीसचीच चाकं बसवली आणि त्यावर २.१ इंची टायर. हिशेब सोपा आहे. रेसच्या सायकलच्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी. त्यावर २३ मिमीचा बारीक टायर चढवला की चाक बाहेरून ६६८ भरतं. सव्वीसच्या रिमचा व्यास ५५९, त्यावर ५४ मिमीचा जाड टायर घातला की ६६७. बाहेरून चाक तेवढंच, फक्त धातू घटला आणि त्या जागी हवा आली. खडीचे धक्के खायला हवाच हवी. फ्रान्समध्ये ‘वेलोसियो’ या नावानं लिहिणारे पॉल द व्हिव्ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लांबच्या प्रवासाला लहान चाक आणि जाड टायर घ्या, असं सांगत होते. रेसच्या नादात त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दोन्ही मडगार्ड काढून ठेवले. रात्री गुरुद्वाऱ्यात लंगर. डाळ, पोळी. पोट भरलं, मन भरलं.

१८ सप्टेंबर, लोहा

निघालो ६.४०. सोनखेडला चहा-भजे ४० रुपये. पाऊस, टपरीखाली दीड तास. ट्रक अंगावर येतात, कानाशी हॉर्न मारतात. वारा समोरून. लॉज ५००, जेवण १२०. नैर्ऋत्येकडं चाललोय आणि वाराही तिकडूनच. बाकी काही लिहिण्याची ताकद नाही.

१९ सप्टेंबर, कंधार

आज डांबरी सोडून पाणंदीनं आलो. रात्रभर पाऊस झालेला. काळी माती ओली झाली की फुगते आणि लागेल त्याला धरते. टायरवर आधी पातळ थर बसतो, त्यावर गवत आणि सोयाबीनचा पाला, मग त्यावर पुन्हा माती. बघता बघता चाक दुप्पट जाड होतं आणि चिमट्यात अडकून बसतं. ही फ्रेम मोठ्या चाकाची, त्यामुळं टायर आणि चिमटा यांच्यामध्ये दोन बोटं जागा राहिलीय. मातीचा लगदा तिथपर्यंत चढायचा, घासायचा आणि आपोआप गळून पडायचा. हवा तीसच पौंड ठेवली होती, चाक फार रुतलं नाही.

एका वळणावर बांधावर बसलेल्या मामांनी हटकलं. “कुठून येलालाव?” सांगितलं. त्यांनी उठून अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. “हवा कमी हाय की.” मुद्दाम ठेवली म्हटल्यावर खाली बसले आणि मलाही बसवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही सायकलच्या पुस्तकापेक्षा मोलाचं होतं. त्यांच्या वडिलांची बैलगाडी लाकडी चाकांची होती, छातीएवढी उंच, वर लोखंडी धाव. ती धाव मऊ रस्त्याला कापत जायची, दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडायच्या. मग घरात टायरची गाडी आली. चाक गुडघ्याच्या जरा वर, पण रुंद, आत हवा. तेवढंच ओझं घेऊन बैल हलके चालायला लागले. “पण चिखल घोट्याच्या वर गेला का जुनंच चाक बरं,” ते म्हणाले. “उंच आसतंय, वढून निघतंय.”

पुढं ओढ्याजवळ मला तेच दिसलं. घोट्याच्या वर राड होती, तिथं उतरून सायकल ढकलावी लागली. सगळीकडं चालेल असं चाक नाही. त्या मामांइतकं नेमकं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या घरून धपाटे आले, सोबत दही आणि ठेचा. पैसे घेईनात. कंधारला पोचायला चार वाजले. भुईकोटाच्या खंदकाकडेनं चक्कर मारली, आत जायला पाय उचलत नव्हते. वारा समोरून.

२० सप्टेंबर, अहमदपूर

माळाकोळीच्या अलीकडं सराटा घुसला. गावातल्या सायकलवाल्यानं ट्यूब पाण्याच्या टोपल्यात बुडवली, बुडबुडे शोधले, घासपेपर मारला, सोल्युशन लावून फुंकर घातली, रबर चिकटवलं. ४० रुपये. मागच्या चाकाचा आऊटही काढून दिला. चिमट्यापाशी खडूचा तुकडा धरून चाक फिरवायचं, जिथं खडू लागेल तिथली पलीकडच्या बाजूची तार आवळायची.

दुकानात खिळ्याला सव्वीसच्या ट्यूबा टांगलेल्या होत्या, एकोणतीसची एकही नव्हती. माझी निवड खरी इथं ठरते. मात्र टायर घेताना नुसतं ‘सव्वीस’ म्हणून भागत नाही. २६ × १ ३/८ चा टायर ५९० च्या रिमचा, तो माझ्या ५५९ वर बसणार नाही. जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ आणखी मोठा, ६३५ चा. टायरच्या कडेला बारीक अक्षरात हा आकडा असतो, तो वाचूनच पैसे द्यावेत. ट्यूब ताणली जाते, अडीअडचणीला थोडी इकडची तिकडे चालते.

बालाघाटाचे चढ. जाड टायर असले तरी चाक एकोणतीसपेक्षा लहानच, त्यामुळं त्याच दात्यांवर गिअर हलका पडतो. गुडघे शाबूत. वारा.

२१ सप्टेंबर, चाकूर

शिरूर ताजबंदला सुशीला, वर शेंगदाणे आणि लिंबू. दोन प्लेट. दुपारभर ऊन, झोप.

२२ सप्टेंबर, लातूर

आष्टामोडपासून हायवेनंच आलो. गुळगुळीत रस्त्यावर जाड टायर जड जाईल म्हणतात. हवा पंचेचाळीसवर नेली, चांगला चालला. जाड टायर जमिनीला आडवा टेकतो, लांबीनं कमी दबतो, म्हणून कापड चांगलं असेल तर फार ताकद खात नाही. स्वस्त, ताठ कापडाचा टायर मात्र खातो. दोनशे रुपये वाचवायला तिथं जाऊ नये.

गंजगोलाईतून जादा ट्यूब घेतली. मागच्या टायरची मधली नक्षी पुढच्यापेक्षा झिजलीय. सकाळी दोन्ही अदलाबदल करून औशाकडं, आतल्या रस्त्यानं. पाऊस आला तर खरोसा परवा.