वार पडायची वाट बघत बसू नका

काल रात्री आमची खिलार गाय व्याली. दुसरं वेत, कालवड झाली.

आधी मागच्या वेताचं सांगतो. तेव्हा पहाटे व्याली, खोंड झालं. आई म्हणाली, "वार पडल्याबिगर चीक पाजायचा न्हाई, वार अडकती." आमच्या माणदेशात घरोघरी हेच ऐकत आलोय. वार पडायला दुपार झाली, खोंड तोवर उपाशी. चौथ्या दिवशी हगवण लागली. सलाईन लावलं, पण सातव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "चीक किती वाजता पाजला?" मी गप्प.

गाभात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते, आणि वासराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतं. २४ तासांनंतर पाजलेला चीक त्या कामाचा राहत नाही. वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, म्हणजे २० किलोच्या वासराला दोन लिटर. आणि वारेचं म्हणाल तर वासरू सडाला लागलं की गाय पान्हावते, त्याच संप्रेरकानं गर्भाशय आकसतं. म्हणजे वार सुटायला मदतच. आपण नेमकं उलटं करत होतो.

काल साडेदहाला पाणमोट फुटली. पुढचे दोन पाय, त्यावर नाक, सगळं सरळ दिसलं म्हणून हात लावला नाही. (ओढायची लय घाई असते आपल्याला.) अकराला मोकळी झाली. नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली, गायीला चाटू दिलं. कास कोमट पाण्यानं धुऊन पहिल्या दोन धारा सोडल्या आणि अर्ध्या तासात कालवड सडाला लावली.

आई ओसरीवर तोंड फिरवून बसलेली. "गायीला काय झालं तर बघ." खरं सांगतो, मलाबी भ्या वाटत होतं. तीन वाजले तरी वार लोंबतीच. ओढली नाही, दगड बांधला नाही. १२ तासांत पडली नसती तर डॉक्टरांना बोलावणार होतो. चारला आपोआप पडली. गायीनं खाऊ नये म्हणून लगेच पुरली. खड्डा कुठं घ्यायचा ते आईनंच दाखवलं.

सकाळी कालवडीच्या गळ्यात काळा दोरा दिसला. मी बांधला नव्हता.

खरवसासाठी शेजारचे दोघं तांब्या घेऊन आलेत. आज नाही म्हणून सांगितलं.