बचत गटाचे कर्ज आणि पिकअपचे भाग

आमचे हे नाशिकच्या पंचवटी मार्केट यार्डातून संध्याकाळी कोथिंबीर-मेथी भरतात आणि रात्रीतून कसारा घाट उतरून मुंबईकडे पोचवतात. घरखर्च, थोरलीचे नर्सिंगचे शिक्षण, सारे एका जुन्या पिकअपवर. २०१६ च्या दिवाळीआधी तिने निळसर धूर सोडायला सुरुवात केली, तेव्हा घरात कोणाला नीट जेवण गेले नाही. त्यात फिटनेसची मुदत डिसेंबरात संपत होती.

मिस्त्री म्हणाले, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, ऑइल जळते आहे. शिवाय ब्रेक, मागचे पाटे, डिफरन्शियलचा आवाज, गंजलेले डावे दार. सगळेच नवे घेणे परवडणारे नव्हते. बचत गटाचे कर्ज मिळणार होते, पण माझ्या नावावर. म्हणून मी अट घातली की कोणता भाग जुना चालेल आणि कोणता नवाच लागेल, हे मला समजावून सांगायचे. भगिनींनो, मी चार दिवस गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले. ह्यांना जरा अवघडल्यासारखे झाले. मिस्त्रींना मुळीच नाही. ते मला प्रत्येक भाग हातात देऊ लागले.

दार, बोनेट, पाटे, मागचा फाळका हे जुने चालते. पाट्याला चीर नाही एवढे पाहायचे. डिफरन्शियलमधली क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकमेकींशी घासून जुळलेली असते. एक जुनी, एक नवी लावली की पुन्हा ओरडते, म्हणून घ्यायची तर जोडीच घ्यायची. ब्रेकचे मात्र सगळे नवे. रबरी वायसर, होज पाइप, लायनिंग, ब्रेक ऑइलसुद्धा. ते ऑइल हवेतला ओलावा शोषते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. कसाऱ्याची वळणे माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या एका बाबतीत मी घासाघीस केली नाही. भंगारातला ब्रेक ड्रमही मिस्त्रींनी परत पाठवला. लेथवर कातून कातून तो पातळ झालेला होता.

सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्याने नाशकात या गाड्यांचे जाणते कारागीर पुष्कळ. जुन्या भागांसाठी तेव्हा अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार होता. (महापालिकेने तो जानेवारी २०१७ मध्ये हटवला.) तिथे आम्हाला दार, पाटे आणि एका अपघातातल्या गाडीचे अख्खे डिफरन्शियल मिळाले. दार हिरवे, आमची गाडी पांढरी. धाकट्याला ते फार आवडले.

खरी कसोटी इंजिनची होती. एक जण अख्खे इंजिन द्यायला तयार झाला, आणि तेही रिंगा-पिस्टनच्या कामापेक्षा स्वस्तात! ह्यांचे मन गेले. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर आली असती. मिस्त्रींनी इंजिनवर नंबर असतो ती जागा मला दाखवली. ती ग्राइंडरने घासलेली होती. इंजिन बदलले की आरटीओच्या परवानगीने आरसी बुकात नवा नंबर चढवावा लागतो. नंबर नाही, बिल नाही, मग चढवायचे काय? आणि उद्या पोलिसांनी बोनेट उघडायला लावले तर चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा घराच्या कर्त्या माणसावर. त्या रात्री घरात वाद झाला, आवाज शेजारी गेला. मी एवढेच म्हटले की, कर्जाच्या कागदावर माझी सही आहे, त्या पैशाने हे इंजिन येणार नाही.

मग आपलाच ब्लॉक ठेवला, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घातल्या. बारा दिवस गाडी उभी राहिली. त्या दिवसांत हे दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून गेले, आणि मी गटातल्या एका ताईंकडून किराणा उधार आणला. पेठ रोडला आरटीओत तपासणीच्या दिवशी मीही गेले होते. साहेबांनी ब्रेक दोनदा लावून पाहिले, हिरव्या दाराकडे पाहून हसले आणि दार रंगवून घ्या म्हणाले.

दार रंगवले. कर्ज अठरा हप्त्यांत फिटले. शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात क्लच गेला. क्लचप्लेट नवीच घेतली.